जन्मदाखल्याची समीक्षा आणि ‘मेकानो’ची गाणी

काही वादांत दोन्ही पक्ष एकमेकांचे गळे धरून उभे असतात आणि ज्या वस्तूवरून वाद पेटला ती मात्र कोपऱ्यात तशीच पडून असते. ‘मेकानो’ या माद्रिदच्या संगीत-त्रयीविषयी स्पेनमध्ये गेली चाळीसहून अधिक वर्षे जे बोलले जाते, ते वाचताना आम्हांला वारंवार असेच वाटत आले आहे. एक पक्ष म्हणतो, ही सुखवस्तू घरांतल्या लाडावलेल्या पोरांची बाजारू गाणी. त्यांत वाचण्यासारखे काय आहे? दुसरा म्हणतो, ही आमच्या तारुण्याची गाणी. त्यांना नावे ठेवायची नाहीत. पहिला पक्ष गाणी वाचत नाही, कारण ती त्याला क्षुद्र वाटतात. दुसराही वाचत नाही, कारण त्याला ती तोंडपाठ आहेत. आमचे भांडण दोघांशीही आहे.

परदेशातल्या पॉप गाण्यांशी साहित्याच्या विद्यार्थ्यांना काय देणेघेणे, असा प्रश्न काही सुज्ञ वाचक विचारतील. देणेघेणे आहे. गाण्याचे शब्द वाङ्मयात मोडतात की नाही, हा प्रश्न २०१६ साली बॉब डिलनला नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतरही सुटलेला नाही. तो फक्त प्रतिष्ठित झाला आहे. डिलनचे शब्द वाचायला आता कोणाची हरकत नसते. पण ज्याच्या पाठीशी नोबेल नाही, बंडखोरीचे वलय नाही, ज्याची गाणी लग्नात आणि सुपरमार्केटात वाजतात, त्याचे शब्द वाचायचे कसे? खरी परीक्षा तिथे आहे, आणि त्या परीक्षेत स्पॅनिश समीक्षा नापास झाली असे आमचे मत आहे. आपली समीक्षा त्यात उत्तीर्ण होते असे कोणी समजू नये. ‘गीतकार’ आणि ‘कवी’ या दोन पंगती आपणही कधीच्या मांडून ठेवल्या आहेत.

आधी थोडी ओळख. होसे मारिया कानो आणि नाचो कानो हे दोन भाऊ, आणि गायिका आना तोरोहा. १९८१ साली ‘ओय नो मे पुएदो लेवान्तार’ (आज काही उठवत नाही, अशा अर्थाचे) हे त्यांचे पहिले गाणे आले. १९८२ ते १९८४ या काळात तीन तबकड्या निघाल्या. सिंथेसायझरवर उभ्या, चटपटीत आणि खरे सांगायचे तर पुष्कळ ठिकाणी पोरकट. १९८६ साली कंपनी बदलून ‘एन्त्रे एल सिएलो ई एल सुएलो’ आली आणि गट अंतर्बाह्य बदलला. १९८८ ची ‘देस्कान्सो दोमिनिकाल’ आणि १९९१ ची ‘आइदालाई’ या पुढच्या दोन तबकड्यांनी त्यांना स्पेनबाहेर लॅटिन अमेरिका, फ्रान्स आणि इटलीपर्यंत नेले. मग काही वर्षे शांतता. १९९८ साली जुन्यानव्या गाण्यांचे एक संकलन काढून तिघे परत आले आणि त्याच वर्षी होसे मारियाने गट सोडल्याचे जाहीर केले. पुढे तो चित्रकलेकडे वळला, आना एकटी गात राहिली, आणि नाचोने २००५ साली याच गाण्यांवर रचलेले संगीत नाटक माद्रिदच्या रंगभूमीवर आणले. गाणी जवळजवळ सगळी दोघा भावांची. तीही एकत्र लिहिलेली नव्हेत. हे गाणे याचे, ते त्याचे, अशी स्वच्छ वाटणी.

आता पहिल्या पक्षाचा आरोप. फ्रँको १९७५ साली मरण पावला, १९७८ साली लोकशाही राज्यघटना आली आणि माद्रिदमध्ये ‘ला मोविदा’ या नावाने ओळखला जाणारा तरुणांचा सांस्कृतिक स्फोट झाला. एन्रिके तिएर्नो गाल्वान हे समाजवादी प्राध्यापक शहराचे महापौर होते, आल्मोदोवारचा पहिला व्यावसायिक चित्रपट १९८० साली पडद्यावर आला होता, ‘रादिओ फुतुरा’ आणि ‘आलास्का’ यांसारखी नावे गाजत होती. या मोविदाच्या कुळात मेकानोला जागा द्यायची नाही, असे तेव्हाच्या समीक्षेने ठरवून टाकले. कारण काय? मुले ‘पिहो’ होती. पिहो म्हणजे बापाच्या पैशावर मिरवणारी, कपड्यांना इस्त्री असलेली. आनाचे आजोबा एदुआर्दो तोरोहा हे काँक्रीटच्या छतांसाठी जगभर नावाजलेले अभियंते, आणि त्या घराण्याला फ्रँकोच्या राजवटीत, १९६१ साली, सरदारकीचा किताब मिळालेला. एवढा पुरावा पुरेसा मानला गेला. मोविदातले कितीतरी शिलेदार स्वतः सुस्थित घरांतलेच होते, ही बाब मात्र कोणी पुराव्यात धरली नाही.

आमचे म्हणणे नीट समजून घ्यावे. लेखकाचा वर्ग अप्रस्तुत असतो असे आम्ही म्हणत नाही. उलट, वर्ग फार प्रस्तुत असतो. पण तो शोधायचा कुठे? संहितेत. कोणत्या गोष्टी निवेदकाला दिसतात आणि कोणत्या दिसत नाहीत, कोणाला तो नाव देतो आणि कोणाला नुसते चित्र बनवतो, कुठे त्याची जीभ अडखळते, यांत वर्ग दिसतो. जन्मदाखल्यात वर्ग पाहणे हे समीक्षेचे काम नव्हे. ते महसूल खात्याचे काम आहे. जन्मदाखल्याची समीक्षा दोन्हीकडून फसवते. ‘चुकीच्या’ घरात जन्मलेल्याचे चांगले लेखन ती पाहत नाही आणि, अधिक वाईट म्हणजे, त्याचे खरोखरचे दोषही तिच्या हाती लागत नाहीत. मेकानोच्या बाबतीत नेमके हेच झाले. ते आता उदाहरणांनी दाखवू.

प्रथम एक व्याकरणाचा मुद्दा घेऊ. इंग्रजी वाचकाला तो समजावून सांगावा लागतो, मराठी वाचकाला नाही. स्पॅनिशमध्ये विशेषणाला लिंग असते. ‘हरवलेला’ म्हणायचे तर ‘पेर्दीदो’ आणि ‘हरवलेली’ म्हणायचे तर ‘पेर्दीदा’. १९८२ च्या तबकडीतल्या एका प्रसिद्ध गाण्यात खोलीत एकटाच हरवून बसलेला निवेदक ‘पेर्दीदो’ आहे, आणि गाते ती आना. गाणी पुरुषांनी लिहिली होती, बऱ्याचदा पुरुष निवेदकासाठी. आणि ती गाताना आनाने लिंग बदलून घेतले नाही. म्हणजे स्त्रीचा गळा ‘मी गेलो, मी आलो’ म्हणतो आहे. आपल्याकडे पुरुष शाहिरांनी लावणीत स्त्रीचा ‘मी’ धारण केला, ज्ञानदेवांनी विरहिणी लिहिल्या. त्यामुळे शब्द कोणाचे, ‘मी’ कोणाचा आणि गळा कोणाचा हे तीन वेगळे प्रश्न आहेत, हे आपल्याला निदान परंपरेने तरी ठाऊक असायला हवे. मेकानोच्या गाण्यांत ही तीन टोके सतत एकमेकांपासून सुटलेली असतात. आनाचा आवाज स्वच्छ, सरळ, जवळजवळ निर्विकार. ती अभिनय करत नाही, मजकूर पोचवते. ‘थंड गायिका’ म्हणून जिची संभावना झाली, तिच्या या थंडपणामुळेच निवेदक आणि गळा यांच्यातली फट श्रोत्याला ऐकू येते. ती रडली असती तर फट बुजली असती.

दुसरे उदाहरण ‘क्रूस दे नावाहास’, १९८६, होसे मारियाचे. रात्रपाळी करणारा मारिओ, दिवसा आपले आयुष्य शोधणारी त्याची बायको मारिया, पहाटेची रिकामी वेळ, घरापाशी चुंबन घेणारे दोघे, आणि सुरे. कथानक शिळे आहे. आंधळे भिकारी चौकाचौकांत खुनांच्या कथा गाऊन पत्रके विकत, त्या जुन्या स्पॅनिश परंपरेतले. पण शेवट पाहा. मृत मारिओच्या देहावर तीन क्रूस मोजले जातात. एक कपाळावर, तो सर्वांत दुखला. एक छातीवर, त्याने जीव घेतला. आणि तिसरा देहावर नाहीच, तो बातमीत आहे. बातमी सांगते की दोन नशेबाजांनी लुटण्यासाठी खून केला आणि पत्नीने तो दारातून पाहिला. म्हणजे गाणे संपताना ऐकणाऱ्याला कळते की आपल्याला ठाऊक असलेले सत्य त्या शहरात आता कोणालाही ठाऊक नाही, आणि एका खोट्याच्या खाली दोन ‘नशेबाज’ नावाची सोयीस्कर माणसे चिणली गेली आहेत. हेरॉइनने एक पिढी गिळत आणलेल्या स्पेनमध्ये १९८६ साली हे लिहिले गेले. वर्तमानपत्राची भाषा गाण्याच्या तोंडी घालून त्या भाषेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हे ज्याला सुचते, त्याला ‘बापाच्या पैशावर मिरवणारा’ म्हणून सोडून देता येत नाही. हे गाणे न वाचणाऱ्यांनी सामाजिक जाणिवेवर व्याख्याने दिली, एवढेच काय ते आश्चर्य.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे. ‘मुहेर कोन्त्रा मुहेर’, १९८८, होसे मारियाचेच. दोन स्त्रियांच्या प्रेमाचे हे गाणे. स्पेनमध्ये समलैंगिकांना ‘धोकादायक’ ठरवणारा १९७० चा कायदा होता. त्यातून समलैंगिकता वगळली गेल्याला जेमतेम दहा वर्षे झाली होती. समलिंगी विवाहाचा कायदा व्हायला अजून सतरा वर्षे होती. तो २००५ साली झाला. या मधल्या काळात हे गाणे घराघरांत गायले गेले. फ्रान्समध्ये त्याचे फ्रेंच रूप १९९० साली विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गौरव करणाऱ्यांनी ते ‘मुक्तिगीत’ म्हणून कपाळी लावले. आक्षेप घेणाऱ्यांनी म्हटले, हे बाहेरच्या माणसाचे सहिष्णू गाणे आहे, आणि शीर्षकच बघा, ‘स्त्रीविरुद्ध स्त्री’!

दोघांनीही घाई केली. ‘कोन्त्रा’ या शब्दाला ‘विरुद्ध’ हा अर्थ आहे, तसाच ‘ला टेकून, ला भिडून’ असाही आहे. भिंतीला पाठ टेकली तरी स्पॅनिशमध्ये ‘कोन्त्रा’च येते. देहाला देह भिडणे आणि जगाने त्याला भांडण समजणे, हे दोन्ही एका शब्दात बसले आहे. फ्रेंच अनुवादात ‘स्त्रीसोबत स्त्री’ झाले. अर्थ सभ्य झाला आणि शब्द मेला. भाषांतराच्या वर्गात दाखवावे असे हे उदाहरण आहे. आता निवेदक. तो बाहेरचा आहे, हे खरे; पण ते गाण्यालाच ठाऊक आहे. दोघी टेबलाखाली, कापडाच्या आडोशाने काय लपवतात ते त्याला कळते. चुकून तो त्यांच्यापाशी जाऊन पोचला तर खाकरायचीही त्याची हिंमत नाही. पटत नसेल तर निघून जावे, एवढेच त्याच्या हाती. हा मुक्तिदाता नव्हे. हा दारात अवघडून उभा राहिलेला माणूस आहे, आणि १९८८ सालच्या स्पेनमधले लाखो श्रोते नेमके त्याच दारात उभे होते. गाण्याने त्यांना आत ढकलले नाही. दगड मात्र हातातून खाली ठेवायला लावला. हे थोडे आहे का? थोडे आहे. पण जे आहे ते थोडके आणि अचूक आहे, आणि आतल्या माणसाचा आव त्यात नाही. आम्हांला तो प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो.

इथे गौरवकर्त्यांनी टाळ्या वाजवू नयेत. कारण त्याच १९८८ च्या तबकडीत, त्याच लेखकाचे ‘केदाते एन माद्रिद’ आहे. प्रेयसीने शहर सोडून जाऊ नये म्हणून विनवणारा प्रियकर त्यात कबुली देतो की लाडिकपणा त्याला आजवर बायकी थेर वाटत आला; आणि त्यासाठी तो वापरतो ते समलिंगी पुरुषांना हिणवणाऱ्या शिवीवरून बनलेले भाववाचक नाम. २०१८ साली ‘ओपेरासिओन त्रिउन्फो’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेत हे गाणे वाट्याला आलेल्या दोन तरुण स्पर्धकांनी तो शब्द बदलावा असे म्हटले. होसे मारियाने परवानगी दिली नाही. आना त्याच स्पर्धेच्या परीक्षक मंडळात होती. देशभर गदारोळ झाला. एकीकडे ‘शब्दबदल म्हणजे सेन्सॉरशिप’, दुसरीकडे ‘शब्द ठेवणे म्हणजे द्वेष’.

आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो. शब्द बदलू नये. तो शब्द पवित्र आहे किंवा लेखकाची मर्जी अंतिम आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो शब्द काढला तर गाण्याला करायला काही कामच उरत नाही. कोमलतेसाठी ज्याच्याजवळ शिवीखेरीज शब्द नव्हता असा एक पुरुष, आणि तोच आता लाडाच्या लघुत्वदर्शक शब्दांत बोलू लागला आहे. हा पराभव म्हणजे ते गाणे. पहिल्यापासूनच तो सुसंस्कृत असेल तर पराभव कोणाचा? पण याच दमात दुसरी गोष्टही बोलली पाहिजे. ‘हा निवेदकाचा शब्द, लेखकाचा नव्हे’ हा युक्तिवाद साहित्याच्या वर्गात शोभतो. ज्याने तो शब्द शाळेच्या पटांगणात पाठीवर झेलला आहे, त्याच्यावर निवेदनशास्त्राचे उपकार लादण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याने गाणे ऐकू नये, स्पर्धकाने गायला नकार द्यावा, आणि तो नकार आदराने स्वीकारला जावा. संहिता तशीच राहावी आणि नकाराचा हक्कही राहावा. ‘मुहेर कोन्त्रा मुहेर’ लिहिणारा हात आणि हा शब्द लिहिणारा हात एकच आहे, हे सोसण्याची तयारी नसलेल्यांनी मेकानोविषयी ‘पुरोगामी’ किंवा ‘प्रतिगामी’ असे एकशब्दी निकाल देणे थांबवावे. एकाच तबकडीवर दोन्ही गाणी आहेत. ती दोन्ही ऐकावीत.

आणि आता आमच्या दाराशी येणारा मुद्दा. १९८४ च्या तबकडीत ‘हवाई-बॉम्बे’ नावाचे गाणे आहे. होय, आपलेच बॉम्बे. निवेदक पोहण्याचे कपडे चढवून, अंगाला उन्हाचे तेल चोपडून, घरातच टेबललॅम्पच्या उजेडात पहुडला आहे आणि हवाईला कधी जाईन, बॉम्बेला कधी जाईन याची स्वप्ने पाहतो आहे. मुंबईकराला हसू येईल. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त होत होते, त्या वर्षांत कोणा स्पॅनिशाला या शहरात पोहण्याचे कपडे घालून यावेसे वाटत होते! ‘पिहोंचे अज्ञान’ म्हणून बोट दाखवायला ही जागा किती सोयीची. पण गाणे वाचले तर बोट मागे घ्यावे लागते. कारण हे दोन स्वर्ग आपण आपल्या खोलीत स्वतःच उभे केले आहेत, असे निवेदक स्वतःच सांगतो. बॉम्बे इथे शहर नाही. प्रवासी कंपनीच्या भित्तिपत्रकावरचे, चांगले यमक जुळणारे नाव आहे, आणि गाण्याला ते ठाऊक आहे. दिव्याखालचा समुद्र हा विनोद आहे आणि विनोदाचा बळी स्वप्न पाहणारा आहे, मुंबई नव्हे.

हीच शहाणीव ‘इहो दे ला लूना’मध्ये नाही, आणि आमच्या मते मेकानोचा सर्वांत मोठा दोष इथे आहे. गंमत अशी की हेच त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे. मोन्त्सेरात काबाये आणि सेरा ब्राइटमन यांच्यासारख्यांनी ते गायले. कथा अशी : एक जिप्सी स्त्री चंद्राकडे नवरा मागते (स्पॅनिशमध्ये चंद्र स्त्रीलिंगी, म्हणजे चंद्र ही एक निपुत्रिक बाईच). बदल्यात चंद्र पहिले मूल मागते. मूल पांढरेफटक निपजते. नवऱ्याला वाटते, हे परक्याचे. तो बायकोला सुऱ्याने मारतो आणि मूल डोंगरावर टाकून देतो. चाल अशी की काळीज हलावे. पण वाचून पाहा. नवरा ‘काले’ आहे. स्पेनमधले रोमा लोक स्वतःला लावतात ते हे नाव. रोमानी भाषेत ‘कालो’ म्हणजे काळा. मराठी वाचकाला शब्दकोश उघडायची गरज नाही. रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा, आपल्या भाषेची फार दूर गेलेली बहीण. म्हणजे मेकानोच्या गाण्यांतला भारताशी असलेला खरा धागा ‘हवाई-बॉम्बे’त नाही, इथे आहे, आणि तो मेकानोला माहीत असल्याची कोणतीही खूण गाण्यात नाही.

काळ्यांच्या घरी गोरे मूल जन्मते आणि त्यावरून सुरा निघतो. का? कारण ‘जिप्सी’ म्हटले की सुरा, अब्रू आणि चंद्र, हे समीकरण गाण्याने तयार उचलले आहे. त्यामागे लोर्काचा १९२८ सालचा ‘रोमान्सेरो हितानो’ आहे हे उघड आहे. पण आपल्याला चिकटलेल्या या जिप्सी-दंतकथेला खुद्द लोर्का तेव्हाच वैतागला होता. रोमा लोक पंधराव्या शतकापासून स्पेनमध्ये आहेत. १७४९ साली राजाज्ञेने देशभर त्यांची धरपकड झाली, स्त्रीपुरुषांना वेगळे कोंडले गेले. ज्यांना राज्याने असे वागवले, त्यांच्या तोंडी गाण्याने फक्त एक आदिम खून दिला. ‘क्रूस दे नावाहास’मध्ये माद्रिदच्या माणसाच्या खुनाची बातमी खोटी आहे हे ज्याला सुचले, त्याच लेखकाला, त्याच तबकडीत, जिप्सीच्या खुनाची दंतकथा खोटी असू शकते हे सुचले नाही. दोन्ही गाण्यांत सुरा आहे, दोन्हींत व्यभिचाराचा संशय आहे. एका मेलेल्याला नाव-आडनाव आहे. दुसऱ्या गाण्यात कोणालाच नाव नाही.

हा वर्ग. हा आहे संहितेतला वर्ग! दूरच्या बॉम्बेला भित्तिपत्रक म्हणून ओळखणारी नजर शेजारच्या वस्तीला मात्र निसर्ग समजते. जन्मदाखला घेऊन बसलेल्या समीक्षकांना हे चाळीस वर्षांत दिसले नाही, कारण त्यांनी इस्त्री केलेले कपडे पाहिले आणि खटला तिथेच बंद केला. लेखकाला सरसकट दोषी ठरवले की त्याचा नेमका गुन्हा शोधायची जबाबदारी उरत नाही. सरसकट शिव्या हाही अभयदानाचाच एक प्रकार आहे.

दुसऱ्या पक्षाचा, स्मरणरंजनवाल्यांचा, समाचार थोडक्यात घेतो. २००५ च्या संगीत नाटकापासून ही गाणी ‘ऐंशीच्या दशकातले आमचे स्वातंत्र्य’ या नावाने पुन्हा विकली गेली. ज्या गाण्यावरून नाटकाचे नाव ठेवले, ते मुळात अंथरुणातून उठवत नाही अशा कंटाळलेल्या पोराचे गाणे आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये लेफ्टनंट कर्नल तेहेरो बंदूक घेऊन संसदेत घुसला आणि त्यानंतर काही महिन्यांनी हे आळसाचे गाणे आले. त्यात क्रांती शोधणे हास्यास्पद आहे, आणि क्रांती नाही म्हणून नाक मुरडणेही तितकेच हास्यास्पद. पण त्या आळसाला सोनेरी चौकट लावून भिंतीवर टांगणे हे सर्वांत वाईट. त्याच गटाने १९८३ साली अमली पदार्थांच्या विळख्यावर ‘बार्को आ वेनुस’ आणि १९९१ साली एड्सवर ‘एल फायो पोसितीवो’ लिहिले. या दुसऱ्या शीर्षकातल्या ‘फायो’चा अर्थ ‘निकाल’ असा आहे आणि ‘चूक’ असाही. रक्ततपासणीचा निकाल आणि समाजाची चूक एका शब्दात. ज्या दशकाची सोनेरी आठवण काढली जाते, त्या दशकाने आपली किती मुले गमावली हे ही गाणी सांगत होती. स्मरणरंजनाने चाल ठेवली आणि मजकूर पुसला.

एक आक्षेप येणार हे आम्ही जाणतो : तुम्ही चटपटीत गाण्यांवर नको इतके ओझे टाकता आहात; हे शब्द कागदावर मांडले तर टिकत नाहीत. बरोबर आहे, पुष्कळसे टिकत नाहीत. पहिल्या तीन तबकड्यांतले बरेच शब्द तालाची मोकळी जागा भरण्यापुरते आहेत, आणि होसे मारिया यमकासाठी वाक्याचा हात पिरगाळतो तेव्हा वाक्य कळवळते. पण ‘कागदावर टिकणे’ ही छापील कवितेची कसोटी आहे. गाणे कागदासाठी नसते. ते गळ्यासाठी असते. शब्द, ‘मी’ आणि गळा यांच्यामधल्या अंतरात ते घडते. त्या अंतराचे वाचन करण्याची पद्धत आपल्याजवळ नसेल, तर तो गाण्याचा दोष मानायचा की वाचकाचा?

आमची मागणी मोठी नाही. मेकानोला महान म्हणा, असे आम्ही सांगत नाही. ‘क्रूस दे नावाहास’ आणि ‘इहो दे ला लूना’ ही एकाच तबकडीवरची दोन गाणी शेजारी ठेवा, आणि एकाच लेखकाची नजर एका सुऱ्यापाशी जागी आणि दुसऱ्या सुऱ्यापाशी झोपलेली का, याचे उत्तर संहितेतून द्या. ते देताना त्याच्या बापाचे उत्पन्न विचारू नका आणि तुमच्या तारुण्याच्या आठवणीही सांगू नका. एवढे जमले, की मग आपल्याकडच्या गीतांच्या पंगतीकडेही वळता येईल. तिथेही सुरे आहेत, चंद्र आहे, आणि नाव नसलेली माणसे तर रग्गड आहेत.